पटावरचं दहावं नाव

१७ मे, शनि.
सकाळी सातला निघालो, दहापर्यंत चार गल्ल्या झाल्या. बरोबर मुनियम्मा, शाळेची आया. जॉर्ज टाउनमधलं दार न् दार तिला माहीत. माझ्या तमिळला अजून सोलापूरचा वास येतो, म्हणून बोलायचं तिने आणि लिहायचं मी. प्रत्येक दाराशी एकच प्रश्न: पिळ्ळै इरुक्का? पाच वर्षांचं मूल आहे का घरात?
एका बिल्डिंगमध्ये अठरा दारं. अकरा ठिकाणी नुसते म्हातारे, दोन ठिकाणी कुलूप. खाली पूर्वी वह्या-पेन्सिलींचं दुकान होतं, तिथे आता गुडघ्याचे पट्टे आणि मोठ्या माणसांचे डायपर.
तिसऱ्या मजल्यावर एकीने प्रश्न ऐकून दार लावून घेतलं. जिना उतरताना मुनियम्मा म्हणाली, तिची तीन पोटातच गेली. आधी सांगायला काय झालं होतं हिला? मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुढच्या दाराशी तरीही विचारलंच.
आजवर नऊ. ट्रस्टचं पत्र स्पष्ट आहे. या वर्षी पहिलीत दहा मुलं नसली तर शाळा बंद.

२० मे
दहावा मिळाला!
कमलाम्मा म्हणून आजी, ऐंशीच्या घरातल्या. एकट्याच दिसल्या, पण दाराबाहेर चपलांचा छोटा निळा जोड. म्हणाल्या, नातू आहे, कविन. आता झोपलाय, उठवत नाही. जन्मदाखल्याची झेरॉक्सही काढून दिली.
नव्या टीचरांना मीच बजावत असते, मूल डोळ्यांनी पाहिल्याशिवाय नाव लिहायचं नाही. आणि आज मीच लिहिलं. मुनियम्माने आत डोकावून पाहिलं आणि जिना उतरायला लागली.
घरी येताना आंबे घेतले.

९ जून
शाळा सुरू होऊन आठवडा. नऊ येतात. कविन नाही. ताप असेल.

१४ जून
कमलाम्मांकडे जाऊन आले.
कॉफी दिली, मग सांगितलं. मुलगा-सून मेलबर्नला. कविन वर्षाचा असताना गेले. दोन वर्षांपूर्वी यायचे होते, तेव्हा चपला आणून ठेवल्या. आले नाहीत. आता त्या पायात शिरायच्या नाहीत, तरी रोज पुसून बाहेर ठेवतात.
मी चिडले होते, चांगलंच बोलणार होते. त्या म्हणाल्या, "तुम्ही दारात उभं राहून विचारलंत, घरात मूल आहे का. इतक्या वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. नाही म्हणवेना."
कॉफी संपवून उठले. नाव खोडते असं सांगायला हवं होतं. सांगितलं नाही आणि खोडलंही नाही.

२९ जून, रवि.
पेरुंगुडीला मुग्धाकडे. लेकीचा फ्लॅट अकराव्या मजल्यावर, लग्नाला सात वर्षं. खाली मुलांचं खेळायचं अंगण, रबराची जमीन, दोन घसरगुंड्या. तासभर गॅलरीत होते. एक वॉचमन पाय मोकळे करून गेला, बाकी कुणी नाही.
जेवताना विषय निघाला, म्हणजे मीच काढला. ती भांडली नाही. तमिळ, इंग्रजी आणि उरलंसुरलं मराठी एकत्र करून शांतपणे समजावलं. दोघांच्या नोकऱ्या, घराचे हप्ते, आणि मुख्य म्हणजे तिला नकोच आहे. मी म्हटलं, विचारलं नुसतं.
"आई, तू शाळेसाठी विचारतेयस की घरासाठी?"
बसमध्ये विचार करत आले, खरंच माहीत नाही. वाईट वाटलं, तिच्यापेक्षा स्वतःचंच.

८ ऑगस्ट
ट्रस्टचे सेक्रेटरी येऊन गेले. इमारत मोजली. शाळा गेली तर इथे ज्येष्ठांसाठी दिवसभराचं केंद्र काढायचं आहे. नावं आत्ताच येऊ लागलीत म्हणाले, यादी लांबलचक आहे. बाकांना पाठ लावून घेऊ, पायऱ्यांना कठडा. मुनियम्मालाही ठेवू.
"तुम्हीही या, मॅडम." मनापासून म्हणत होते बिचारे. मी सत्तावन्नची.
विजयादशमीपर्यंत मुदत. त्या दिवशी इथे लोक मुलांना पहिल्यांदा शाळेत घालतात, तेव्हा एखाद-दुसरं वाढेल असा त्यांचा हिशोब. सुटी संपली की स्वतः येऊन मुलं मोजणार. पट पाहिला. दहा नावं. "एक जण आज नाही वाटतं?" मी मान हलवली.

१६ सप्टें.
रोज नाव वाचते, रोज गै. लावते. वाचलं नाही तर बाकीच्या टीचर विचारतील. अकिला, इनिया, उदय, कविन. चौथं आलं की नऊही पोरं एका सुरात, "वरलै, मिस." आला नाही.
आज पाहिलं, दुसऱ्या बाकावर ती त्याच्यापुरती जागा सोडून बसतात. उदय सांगत होता, कविनकडे सायकल आहे. इनिया म्हणाली, त्याला माझी पेन्सिल आवडते. तिथल्या तिथे थांबवायला हवं होतं. मी दाराशी उभी राहून ऐकत राहिले. बरं वाटलं ऐकायला, खोटं कशाला लिहू.

२ ऑक्टो., विजयादशमी
पाच ताटांत तांदूळ पसरून ठेवले. एकेकाळी आजच्या दिवशी रांग रस्त्यापर्यंत जायची, एकेक इवलं बोट धरून तांदळात अक्षर काढता काढता माझा हात भरून यायचा.
एक जोडपं आलं. पोरीला अक्षर गिरवायला लावलं, फोटो काढले. नाव घालू का विचारलं तर म्हणाले, नाही नाही, तिची मोठ्या शाळेत सोय झालीय, व्हॅन येते. तिचे आजोबा इथले, म्हणून फक्त तांदळाला आणली.
अकराला कमलाम्मा. जिना चढून, हातात फोन. स्क्रीनवर कविन. पहिल्यांदा पाहिला, पुढचे दोन दात पडलेले. फोन मुनियम्माच्या हातात देऊन त्यांनी स्वतःच्या बोटाने तांदळात अ काढला, त्याला दाखवला. त्याने इंग्रजीत विचारलं, आजी काय करतेय? आईने काहीतरी सांगितलं, मग फोन बंद.
"त्याचं नाव आहे ना अजून पटावर?"
आहे म्हटलं.
संध्याकाळी उरलेल्या तीन ताटांतले तांदूळ, जसे पसरले तसेच, मुनियम्माने डब्यात भरले.

६ ऑक्टो., सोम.
सुटी संपली. सेक्रेटरी उद्या येणार, मुलांशीही बोलणार असं कळवलंय.
सकाळी ठरवून गेले होते, आज लाल रेघ मारायची आणि सेक्रेटरींना खरं काय ते सांगायचं. हजेरी घेताना चौथ्या नावाशी थांबले. पोरांनी नेहमीसारखं "वरलै" म्हटलं. पुढे वाचत गेले.
शाळा सुटताना इनिया टेबलाशी आली, मागे बाकीचे आठ. "मिस, उद्या सर विचारतील ना? आम्ही सांगणार, कविन काल आला होता. आज त्याला ताप आहे."
कुणी शिकवलं? कुणी नाही म्हणे. मुनियम्माने? तिनेही नाही. आमचं आम्हीच ठरवलं. उदयने तर त्याच्या शर्टाचा रंगही ठरवून ठेवलाय.
सहा वर्षांची पोरं. असं बोलायचं नसतं, एवढंच म्हणायचं होतं मला. तोंडातून निघालं, जा आता, आई वाट बघत असेल. एकमेकांचे हात धरून जिना उतरली.
पट घरी आणलाय. रेघ अजून मारलेली नाही. कविनचं नाव शेवटचं असतं तर तिथवर येऊन पट मिटता आला असता, पण नाव चौथं आहे, त्याच्यापुढे अजून सहा पोरं आहेत.
साडेनऊला हजेरी.