गेट उघडं राहिलं

४ फेब्रुवारी

चि. पोपटीस,
अ. उ. आ.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला पंधरा दिवस लागले, पण त्याचं कारण कामाची गर्दी नाही. कारखाना आठवड्यातून तीनच दिवस चालतो. तयार गाड्या उभ्या करून टेस्ट ट्रॅक भरला, आता कॅन्टीनमागच्या मैदानात लावतायत. बँकांनी कर्जं थांबवल्यापासून गिऱ्हाईक शोरूममध्ये येतं, स्टिअरिंग फिरवून बघतं आणि घरी जातं. परवा आमच्या प्रेस शॉपमध्ये छपरावरचं कबुतर घुमताना ऐकू आलं. सत्तावीस वर्षं मी तिथे पत्र्याचे दरवाजे आणि बॉनेट दाबून काढतोय, पण कबुतर पहिल्यांदाच ऐकलं.

आमच्या कन्येचं ट्रेनिंग संपलं. साचे दुरुस्त करणाऱ्या टूलरूममधले दोघे सोडून गेले म्हणून तिला आमच्याकडे बोलावलंय, आणि दोन तासांवरच्या लिफ्ट बनवणाऱ्या कंपनीतूनही बोलावणं आहे. तिला बापाच्याच कारखान्यात यायचंय. वीस तारखेच्या आत कळवायचं आहे. तुझं मत लिही.

आणखी एक. इथे रोज कुणीतरी मला बाजूला घेतं आणि म्हणतं, तुझी बहीण चेअरमनच्या मीटिंगा लिहून घेते, तिला विचार. लंब्याही म्हणाला. लंब्या म्हणजे माझा जोडीदार, आपल्या घरी आला की चौकटीवर कपाळ आपटणारा. बावीस वर्षं आम्ही एकाच प्रेसच्या दोन बाजूंना उभे आहोत. तर विचारतो, कंपनी तगणार का? लहानपणी तुझ्या तोंडात तीळ भिजत नसे. आता एवढी मोठी झालीस म्हणून अगदीच बदललीस असं मी धरत नाही.

वहिनीचा आशीर्वाद. जेवण वेळेवर करत जा.

तुझा,
दादा

९ फेब्रुवारी

ती. दादास,
कृ. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. कबुतराचं वाचून आधी हसले आणि मग हसू गेलं.

मी त्या खोलीत बसते हे खरं, पण तिथे मला कान आणि बोटं एवढंच घेऊन जायची परवानगी आहे. गुप्ततेच्या कागदावर सही केली आहे. तरी एवढं सांगायला हरकत नाही की बँकांकडून येणारे गृहस्थ प्यायचं पाणी स्वतःचं आणतात, आणि आमच्या साहेबांनी गेल्या आठवड्यात चार पेन्सिली कुरतडून संपवल्या. शॉर्टहँडमध्ये एक सोय असते. शब्दाचा अर्थ लागायच्या आत हात लिहून मोकळा होतो. नंतर टाइप करायला बसलं की कळतं, आपण काय लिहिलंय.

सरकार हमी द्यायला तयार आहे आणि बँकांबरोबरच्या सह्या दोन मार्चला आहेत, हे पेपरातही आलंय. त्यापलीकडे मला विचारू नकोस.

कन्येला लिफ्टच्या कंपनीत जाऊ दे. मुलीने बापाच्या हाताखाली काम करू नये असं माझं मत आहे. आणखी काही विचारू नकोस.

वहिनीला नमस्कार. रागावू नकोस, एवढं मागते.

तुझी,
पोपटी

१३ फेब्रुवारी

चि. पोपटीस,
अ. आ.

तुझं मत मला नवीन आहे. बाबांच्या छापखान्यात तू स्वतः चार वर्षं टाइप केलंस आणि मजेत होतीस.

'आणखी काही विचारू नकोस' हे वाक्य तू लिहिलंस, खोडलंस आणि परत लिहिलंस. खोडलेलं मी खिडकीपाशी उजेडात धरून वाचलं. तिथेही तेच होतं.

इथे अशी बोलवा आहे की दोनपैकी एक कारखाना बंद करा, मगच कर्ज, असं बँका म्हणतायत. एक आमचा जुना आणि एक छोट्या गाडीचा नवा. आमचे युनियनचे सेक्रेटरी म्हणतात, आपल्यावर आलं तर त्याच दिवशी गेटला कुलूप घालायचं आणि एकही डाय बाहेर जाऊ द्यायची नाही. डाय म्हणजे आमचे पोलादी साचे. छोट्या गाडीचे दरवाजेसुद्धा आमच्याच डायवर निघतात. त्या अडवल्या तर नवा कारखानाही लुळा पडेल. आमच्या हातात एवढंच आहे आणि ते सगळ्यांना ठाऊक आहे.

कन्येने माझ्या सांगण्यावरून लिफ्टवाल्यांना होकार कळवला. ती माझ्याशी बोलत नाही. तिला कारण काय सांगायचं ते मला सुचलं नाही.

रविवारी दुपारी येतोय. तुझ्या ऑफिससमोरच्या बागेत थांबेन. खोलीवर नको, तुझी घरमालकीण दाराला कान लावते.

दादा

१८ फेब्रुवारी

ती. दादास,
कृ. सा. न. वि. वि.

तू नीट पोचलास ना? परवा तू बाकावर नुसता बसून राहिलास. एक शब्द विचारला नाहीस. शेंगा सोलून माझ्या हातात देत होतास, लहानपणी द्यायचास तशा. विचारलं असतंस तर मी नाही म्हणाले असते. म्हणून सांगते, दोष तुझा नाही. बंद होणार तो तुमचाच कारखाना, हे मी आपण होऊन बोलले.

आता बोलले आहे तर अर्धवट ठेवत नाही. बंद करायच्या खात्यांची यादी मीच टाइप केली. प्रेस शॉप पहिलं आहे, कारण डाय आधी हलवायच्या आहेत. टाइप करताना एक अक्षर चुकलं म्हणून पूर्ण पान पुन्हा घेतलं. आपल्या भावाच्या खात्याचं नाव शुद्ध लिहायला मी एवढी धडपडले, याची मला लाज वाटते.

दोन तारखेच्या आत गेटला कुलूप लागलं तर बँकेचे गृहस्थ उठून जातील. हे त्यांनी माझ्या देखत, माझ्या वहीत सांगितलं आहे. मग दोन्ही कारखाने जातील, आणि तुमच्या माणसांची पेन्शनही. सह्या झाल्या तर जुन्या कारखान्याच्या लोकांना निदान हक्काचं मिळेल. मी तोलूनमापून सांगत नाही, जे ऐकलं ते सांगते.

गप्प राहा असं तुला म्हणायला मला तोंड नाही. मी स्वतः राहिले नाही. तू बोललास तर माझी नोकरी जाईल, तिचा विचार करू नकोस.

तुझ्या मायेवर हक्क सांगणारी,
पोपटी

२३ फेब्रुवारी

चि. पोपटीस,
अ. आ.

हे पत्र वाचून झाल्यावर जाळून टाक. आधीची मी जाळली.

तू म्हणालीस ते मी कुणाला सांगितलेलं नाही. पण न सांगणं म्हणजे नुसतं गप्प बसणं, असं मला वाटत होतं. तसं ते नाही.

काल लंब्या जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन माझ्याजवळ येऊन बसला. लिफ्टच्या कंपनीला प्रेसवरचा एक अनुभवी फिटर हवाय, हे त्याला माझ्या कन्येकडूनच कळलं. पंचविशी-तिशीतली पोरं नकोत, हात बसलेला माणूस पाहिजे. महिनाअखेरपर्यंत जागा राखून ठेवली आहे. त्याने मला सरळ विचारलं की जाऊ का. म्हणाला, तू पोरीला तिकडे धाडलंस तेव्हा माझ्या मनात शंका आली होती. तुला काही कळलं असेल तर तेवढं सांग, नाव कुणाचं घेणार नाही.

लंब्या पोटात काही ठेवू शकत नाही, हे तुला माहीत आहे. त्याचा मेहुणा युनियनच्या कमिटीवर आहे. त्याला सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी गेटला कुलूप लागलं असतं.

मी म्हणालो, मुलगी आणि बाप एका छताखाली नकोत म्हणून पाठवली. तुझं मत मी माझं म्हणून सांगितलं. तो हसला आणि म्हणाला, मग मी तरी कशाला जाऊ, या वयात नवी प्रेस आणि नवा जोडीदार. डब्यातली अर्धी भाजी त्याने माझ्या डब्यात वाढली. ती मी खाल्ली.

गुरुवारी गेटवर सभा आहे. कुलूप आत्ताच घालायचं का, यावर हात वर करून मत घेणार. मला बोलायला सांगितलंय, कारण मी कधी बोलत नाही.

दादा

४ मार्च

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

हे लिहीत नाहीत, म्हणून मी लिहिते.

गुरुवारच्या सभेत हे ट्रकच्या फाळक्यावर उभे राहिले. मी कॅन्टीनच्या बायकांबरोबर मागे होते. यांनी एवढंच सांगितलं की सह्यांना चार दिवस आहेत, आज कुलूप घातलं तर बँका पाठ फिरवतील, चार दिवस थांबा. गर्दीतून कुणीतरी विचारलं की आतली काही खबर आहे का. हे म्हणाले, नाही. सव्वीस वर्षांच्या संसारात मी यांना खोटं बोलताना पाहिलं नव्हतं, त्यामुळे मलाही ते ओळखता आलं नाही. थांबायच्या बाजूने पहिला हात लंब्याभावजींनी वर केला. त्यांचा हात सगळ्यांच्या वरच असतो, तो बघून बाकीच्यांचेही वर झाले.

दोन तारखेला सह्या झाल्या आणि तासाभरात नोटीस लागली. जुना कारखाना तीन महिन्यांत बंद.

त्या संध्याकाळी भावजी आले. चौकटीपाशी वाकायला विसरले नाहीत, तेव्हाच मी ओळखलं. खुर्ची दिली, बसले नाहीत. यांना विचारलं, तुला कधीपासून माहीत होतं. यांनी तारीख सांगितली. कुणाकडून ते सांगितलं नाही, आणि त्यांनीही विचारलं नाही. भावजींनी बोटांवर दिवस मोजले, लिफ्टवाल्यांची जागा कधीपर्यंत होती ते मोजत असावेत. मग चहा न घेता गेले. लिफ्टवाल्यांनी ती जागा परवाच भरली.

आता गल्लीत यांच्याशी कुणी बोलत नाही. दुकानात आम्ही गेलो की बोलणी थांबतात. कन्या तिकडे रुजू झाली आहे, तिने सगळं ऐकून बापाला पत्र लिहिलं आणि यांनी ते न फोडता ठेवलंय.

वन्सं, मला तुमचा राग आला आहे, खोटं कशाला लिहू. तुम्ही सांगितलं नसतं तर हे बाकीच्यांसारखेच बुडाले असते, चार माणसांत बसून. पण तुम्ही सांगितलं नसतं तर आमची मुलगीही इथेच अडकली असती. दोन्ही खरं आहे, आणि मला रात्रंदिवस यातलं काय धरू ते कळत नाही.

तब्येतीला जपा. राग आहे म्हणून माया कमी झाली असं समजू नका.

तुमची,
वहिनी

९ मार्च

ती. दादा व सौ. वहिनीस,
कृ. सा. न. वि. वि.

वहिनीचं पत्र मी तीनदा वाचलं. त्यातला राग योग्य जागी आला आहे, मी तो ठेवून घेते.

कंपनी तगली. सह्या झाल्यावर खोलीत कुणी टाळी वाजवली नाही. साहेबांनी पेन खाली ठेवलं आणि बराच वेळ हात चोळत राहिले. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडे गेले आणि सांगितलं की यादी मी सह्यांच्या पंधरा दिवस आधी माझ्या भावाला सांगितली होती. त्यांनी विचारलं, तो कोणत्या खात्यात आहे. मी सांगितलं. ते म्हणाले, गेटच्या सभेत थांबा म्हणणारा प्रेस शॉपचाच होता असं मला कळलंय, म्हणजे ज्याला माहीत होतं त्यानेच गेट उघडं ठेवलं. तरीही आता मीटिंगला मी बसायचं नाही. तळमजल्यावर सुट्या भागांच्या किमतींचे तक्ते टाइप करायला दिलेत. ठीक आहे. त्यात कुणाचं घर नसतं.

दादा, मला लंब्याभावजींचा पत्ता कळव. नाव लपवून तू सगळं तुझ्या अंगावर घेतलंस. त्यांना मी लिहीन की तोंड माझं सुटलं होतं.

कन्येचं पत्र फोड. ती माझ्याशीही बोलली आहे, म्हणून सांगते.

दोघांनी मला परकी करू नका.

पोपटी

२ एप्रिल

चि. पोपटीस,
अ. उ. आ.

लंब्याला लिहू नकोस. त्याचा हिशेब माझ्याशी आहे. तोंड तुझं सुटलं होतं, पण डबा उघडून त्याच्यासमोर मी बसलो होतो.

कन्येचं पत्र फोडलं. मी समजत होतो त्यापेक्षा चांगलं होतं. ती पुढच्या रविवारी येणार आहे.

आता इथलं सांगतो. डाय हलवायला सुरुवात झाली. त्यांच्याबरोबर नव्या कारखान्यात इथला एकच माणूस जाणार, त्या बसवून द्यायला आणि मग कायमचा तिथेच. वर्क्स मॅनेजरांनी मला बोलावून जागा माझी म्हणून सांगितलं. मी म्हणालो, माझ्याइतक्याच या डाय लंब्याला माहीत आहेत, त्याला पाठवा. यात मोठेपणा धरू नकोस. चार दिवस थांबा असं ज्यांना सांगितलं, ती माणसं घरी बसणार आणि मी त्याच डायच्या मागे ट्रकमध्ये बसून जाणार, हे माझ्याने झालं नसतं. शेवटची प्रेस सुटेपर्यंत मी इथेच आहे. नंतर काय, ते अजून माहीत नाही. वहिनी म्हणते की घरात एक माणूस कायम पायात येणार, तेवढं नक्की.

लंब्याने दोन दिवस नकार दिला. माझ्या हातचं काही नको, असं मॅनेजरांना म्हणाला. तिसऱ्या दिवशी त्याची बायको आमच्याकडे आली आणि वहिनीजवळ बसून रडली. तिनेच त्याला तयार केलं असावं. मी विचारलं नाही.

मधल्या काळात मी प्रत्येक डायची माहिती एका वहीत उतरवत होतो. कोणती पत्रा फाडते, कोणत्या कोपऱ्यात किती जाडीची पट्टी घालावी लागते, मागच्या दरवाजाची डाय तापली की कशी अडते. हे कुठल्या ड्रॉइंगमध्ये नाही. परवा तो शॉपमध्ये एकटा सामान बांधत होता, तेव्हा वही त्याच्यासमोर ठेवली. त्याने उभ्या उभ्या पानं उलटली. मागच्या दरवाजाच्या पानावर थांबला आणि म्हणाला, पट्टीची जाडी चुकली आहे, मागच्या वर्षी आपण ती बदलली होती. मी म्हणालो, नाही. मग आम्ही दोघं त्या डायवर वाकून पंधरा-वीस मिनिटं बोललो. चूक माझीच निघाली. त्याने माझ्याच पेन्सिलीने आकडा दुरुस्त केला.

निघताना त्याने वही पिशवीत घातली आणि पाठमोरा म्हणाला की तुझं अक्षर वाचता येत नाही, काही अडलं तर पत्र टाकून विचारावं लागेल.

मी त्याला आपला पत्ता लिहून दिला. बावीस वर्षं तो या घरी येतो आहे, तरी दिला. त्यानेही तो घेतला, घडी घालून खिशात ठेवला.

वहिनी तुला बोलावते आहे. सवड काढून ये.

तुझा,
दादा