चवळी आणि लोरेटाबाईंचं भांडं

प्रिय सिद्धी,

तुझी ईमेल मिळाली. टौरंगाचं घर विकून बॉटनी डाउन्सला तुमच्याकडे राहायला येणार की नाही, हे महिनाअखेरपर्यंत कळवा, एवढी एकच ओळ. फेब्रुवारीपासून तुझा फोन नाही, तेव्हा ओळ तरी आली हे बरं झालं. उत्तर एका शब्दात देता आलं असतं, पण मध्ये एक भांडं आलं आहे. ते आधी सांगतो. कागदावर लिहितोय, कारण ईमेल तू पार्किंगमध्ये उभ्याउभ्या वाचतेस.

शेजारच्या लोरेटाबाई. मूळच्या अमेरिकेतल्या जॉर्जियाच्या, कीवी माणसाशी लग्न करून इकडे आलेल्या. स्वतःच्या स्वयंपाकाला त्या 'सदर्न', म्हणजे दक्षिणेकडचा, म्हणतात. इथे दक्षिण म्हटलं की देशाच्या पार तळाचं इन्व्हरकार्गिल, त्यामुळे बरीच वर्षं मी त्यांना तिकडच्याच समजत होतो. तुझ्या आईचं त्यांच्याशी सूत जमलं ते चवळीवरून. नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी चवळी खाल्ली की वर्ष बरं जातं, अशी त्यांच्याकडची समजूत. त्यांनी आईला जेवायला बोलावलं. आईने ती खाल्ली, कौतुक केलं आणि दुसऱ्या दिवशी गोडा मसाला घालून केलेली उसळ तिकडे नेऊन दिली. मग काय, मक्याच्या पिठात घोळवून तळलेली भेंडी इकडे, भरली भेंडी तिकडे. मक्याचा जाडसर पाव इकडे, थालीपीठ तिकडे. बंदरावरच्या क्रेन मी अठरा वर्षं सांभाळल्या, पण इतकी बिनचूक आयात-निर्यात तिथेही पाहिली नाही. माझं काम फक्त खायचं होतं.

आई गेली त्याच्या तिसऱ्या दिवशी बाई मॅकरोनी-चीज घेऊन आल्या. जड काचेचं भांडं, वर चीजचा खरपूस थर. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही आणि शेजारणी जेवण आणतात, हे त्यांच्याकडेही आहे. भांडं रिकामं परत करायचं नाही, निदान साखरेचे चार दाणे तरी घालायचे, हा आईचा नियम. सुतकात आपल्या घरचं कुणाला द्यायचं नसतं म्हणून मी तेरा दिवस थांबलो. नंतर कळलं, भरायला आपल्याकडे काहीच नाही. बिस्किटं भरून दिली असती तर आईने वरून डोळे वटारले असते. शेवटी डोळ्यांसमोर नको म्हणून ते गॅरेजमधल्या कपाटात ठेवलं.

येत्या जूनमध्ये दोन वर्षं होतील. एवढे दिवस मी बाईंना टाळलं. त्या बागेत दिसल्या की मी घरात. भांड्यापायी चांगलं माणूस तोडतोय हे कळत होतं, पण वळत नव्हतं. तू दर महिन्याला तीन कप्प्यांचा डबा भरून आणायचीस आणि रिकामा स्वतःच परत न्यायचीस, त्याचंही कधी काही वाटलं नाही.

फेब्रुवारीत तू खोकी घेऊन आलीस आणि आईचं स्वयंपाकघर आवरायला घेतलंस. एकेक भांडं उलटं करून बघत होतीस, कागदात गुंडाळत होतीस. मी दारात उभा राहून म्हणालो, "आईच्या भांड्यांवर तुझा डोळा आहे." तू हातातलं भांडं खाली ठेवलंस. डबा ओट्यावर राहिला आणि तुझी गाडी गेली.

तुझी ईमेल आल्यावर ठरवलं, कुठेही राहायचं झालं तरी आधी बाईंचं भांडं पोचतं करायचं. चवळी आणली. पहिल्यांदा भिजवायचीच राहिली, दुसऱ्यांदा लगदा झाला, तिसऱ्यांदा जमली. फ्रीजरच्या तळाशी आईच्या हातचा गोडा मसाला सापडला. वास मंदावलाय, पण आहे. भांडं लख्ख हवं म्हणून तारेच्या घासणीने घासलं. खालून एक लाल डाग होता, तोही बराचसा काढला.

बाईंनी झाकण उचलून वास घेतला आणि त्यांचे डोळे भरून आले. मी उशिराबद्दल माफी मागायला लागलो, तर म्हणाल्या, "शशी, हे भांडं माझं नाही. सुखदाने शेवटची उसळ यातून पाठवली होती. मी ते परत केलं. रिकामं द्यायचं नाही, हे तिनेच मला शिकवलं होतं."

मग त्यांनी उसळ पातेल्यात काढली आणि भांडं उलटं धरलं. स्टीलवर नाव कोरून घेता येतं. काचेवर आई लाल नेलपॉलिशने 'सु' लिहायची, हे तुला ठाऊक असणार. मला नव्हतं. तिथे फक्त उकार शिल्लक होता. वरचं अक्षर मी आदल्या दिवशी घासून टाकलं होतं.

चाळीस वर्षं जिच्या हातचं जेवलो, तिचं भांडं मला ओळखता आलं नाही. तू खोकी भरताना प्रत्येक भांड्याचा तळ का बघत होतीस, ते आता समजलं. तू तिचं नाव बघत होतीस आणि मी तुला हावरी ठरवलं. सिद्धी, माझं चुकलं. एवढंच लिहायला बसलो होतो, ते भांड्याच्या आडून लिहिलं. घराचं उत्तर, आत्ता नाही. आधी स्वयंपाकघर आपण दोघं मिळून आवरू, कुठलं भांडं कुठून आलं ते तू मला सांग, मग बघू. शनिवारी दुपारच्या बसने येतोय. तुझा डबा आणतोय. एका कप्प्यात चवळी, एकात भात, तिसऱ्यात बाईंनी दिलेला मक्याचा पाव. अनुष्का 'टू स्पायसी, आजोबा' म्हणेल, तिला पाव दे. मी परत निघताना डबा माझ्याकडे दे. फक्त रिकामा देऊ नकोस.

तुझाच,
बाबा