आबांसाठी गोल वाट

चि. कान्हू,

बडोद्याहून ताईचे आशीर्वाद. आम्ही सगळी बरी हाव. आबा परवा पुन्हा घर विसरून हायवेपर्यंत गेले हे तुझ्या पत्रात वाचलं. रात्री झोपतात ना?

दिवाळीत येते तेव्हा पेणहून गाडी करून रोह्याच्या डोंगरावरच्या उद्यानात जाऊ. चढ थोडाच हाय, पोरंही दमणार नायत. भाकऱ्या मी बांधीन, पाण्याचं तू बघ.

वाट मात्र गोल फिरून फाटकाशीच येणारी निवड. "आबा, मागं फिरा" म्हटलं की ते भांडतात. मिठागराला बांधावरून फेरी मारून ते कसे पुढं पुढं चालतच घरी यायचे, आठवतं ना?

त्या दिवशी त्यांना कुणी परत आणायचं नाय. ते आपले आपण येतील.

तुझी,
चंद्राताई