मॉरिस, रॉकेल आणि पंचफुलाचे हात

मी, श्रावण नत्थुजी गवई, वय ७३, धंदा मोटार दुरुस्ती, राहणार जुने शहर, अकोला. गुडघे गेले, डोके शाबूत आहे. कोणाच्याही दबावाशिवाय, राजीखुशीने लिहून ठेवतो की:

१. राहते घर व बँकेतली ठेव पत्नी पंचफुला हिची एकटीची. तिच्या हयातीत कोणी वाटणी मागू नये.

२. पाने व जॅक धाकटा भाऊ सुगत यास. माझ्या १९५१ सालच्या मॉरिस गाडीचा कार्बोरेटर त्याने कॉस्टिक सोड्यात उकळला, हे मी विसरलेलो नाही. सोड्याने लोखंडावरचे वंगण निघते, पण ॲल्युमिनियम खाल्ले जाते. "पांढराफेक होईन कार्बोरेटर, भाऊ," म्हणाला, आणि भांड्यात चाळणी उरली. दुसरा मिळायला चार वर्षे लागली. माफ केले.

३. सदर मॉरिस मुलगी माया हिला. अट एकच: पार्ट पेट्रोलने धुवायचे नाहीत. चटकन साफ होते म्हणून मीही तेच वापरत असे. १९९४च्या उन्हाळ्यात बंद शेडमध्ये गिअर धूत होतो. पेट्रोलची वाफ जमिनीलगत सरकत पेटत्या स्टोव्हपर्यंत गेली. माझ्या पँटने पेट घेतला. मी पळत सुटलो. पंचफुलाने मला खाली पाडले आणि ओल्या पोत्याने, मग नुसत्या हातांनी आग विझवली.

दवाखान्यात तिचे दोन्ही हात पट्ट्यांत. मी रडत म्हणालो, "गाडी भंगारात देतो."

"गाडीनं काय केलं? घाई तुमाले होती. रॉकेल घ्या अन् दम धरा."

हात बरे झाल्यावर तीही ब्रश घेऊन उघड्या अंगणात बसली. नऊ दिवस रॉकेलमध्ये भिजलेल्या गिअरवरचा काळा थर सुटला. खालचे दाते असे लखलखले की आम्ही हातातले ब्रश खाली ठेवले. ते दाते कापणारा कारागीर केव्हाच वारला असेल. दाता एकही चुकलेला नव्हता. तरी मी गिअरपेक्षा तिच्याकडेच जास्त पाहत होतो. कसल्या बाईसोबत संसार करतो आहे, हे तोवर मला उमगलेच नव्हते.

४. गाडी सुरू झाली तेव्हा मी पंचफुलाला मालकिणीसारखे मागे बसवले. ती म्हणाली, "मांगं काहून? मले चालवाले शिकवा." शिकवले नाही. चूक माझी. माझ्यामागे मायाने तिला शिकवावे. वय काढू नये.

वरील मजकूर पंचफुलाला वाचून दाखवला. ती म्हणाली, "तुमी मराची वाट काहून पाहू? उद्याच काढा गाडी."

सबब कलम ४ उद्या सकाळपासून लागू.

ठिकाण: अकोला
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२५
सही: श्रावण नत्थुजी गवई
साक्षीदार (आमच्यासमक्ष सही केली):
१. खुशालराव बोदडे
२. वच्छला इंगळे