पट्टीचं दुसरं टोक

प्रिय नेहल,

फोनवरच बोलले असते, पण तुझे बाबूजी आजकाल कान टवकारून आसपास घुटमळतात, म्हणून लिहिते. तुझे भारत दर रविवारी शाळेचं काम सांगून दिवसभर बाहेर असतात, येत्या रविवारी त्याचा सोक्षमोक्ष लावते, नाहीतर बॅग भरून घनसावंगीला येते, असं तू म्हणालीस. त्याआधी माझ्या नवऱ्याचं ऐक.

दुकान तुझ्या भावाकडे सोपवल्यापासून त्यांना होडीचं वेड लागलंय. एका माणसाची, लांबट, कायाक म्हणतात. मोबाईलवर पाहून सरकीच्या रिकाम्या गोदामात बांधतायत. आधी लाकडी साचे ओळीने उभे केले, आता त्यांवर पातळ पट्ट्या एकीला एक चिकटवत चाललेत. मला पहिला संशय सरसाचा आला. जनावराच्या कातड्याचा सरस, आणि आपल्या जैनांच्या गोदामात? ते देवळात गेले तशी जाऊन हुंगून आले. बाटलीतला साधा पांढरा गोंद निघाला.

पण संशय एकदा घरात आला की लवकर उठत नाही. रविवारी हे गोदामाला आतून कडी लावतात. दुपारी भूक नाही म्हणतात. चहाचे कप मात्र दोन सापडतात. विचारलं तर म्हणे, एकटाच असतो. अगं, दहा-बारा हात लांब पट्टी वाकवताना एकट्याने एक टोक धरलं तर दुसरं उसळून तोंडावर येईल. मग ते कोण धरतं? माझ्या मनात नाही नाही ते आलं. शेजारच्या उषाबाईंनी तर आगीत तेलच ओतलं.

काल रविवारी मागच्या खिडकीच्या फटीतून पाहिलं. दुसऱ्या टोकाला भारत होते. बौद्धाच्या घरी गेलीस म्हणून ज्या बाबूजींनी तुझं नाव घरात घेऊ दिलं नाही, ते भारतच्याच जोडीने राबत होते. वाकवायचं, दाबायचं, पिना मारायच्या, ओघळलेला गोंद पुसायचा. एक पट्टी निसटली तसे बाबूजी खेकसले, "जंवाईसा, बराबर धरा. आपल्याला जल्दी न्हाई."

जंवाईसा! तुझ्या बहिणीच्या, एकताच्या नवऱ्याला म्हणतात तोच शब्द. मी तिथेच भिंतीला टेकून रडले.

दार काही मी वाजवलं नाही. कोण आधी कुणाकडे गेलं, तेही विचारणार नाही. तूही विचारू नकोस, बॅगही भरू नकोस. ओशाळले की तुझे बाबूजी हातातलं सोडून देतात, तुला ठाऊक आहे. पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला राहवेना, त्यासाठीच हे पत्र. दुपारी दोघं साच्यांजवळ खाली बसले. भारतनी डबा उघडला. आपली बेसनाच्या गट्ट्यांची भाजी होती, तुझ्या हातची. तुझ्या घरचं पाणीही पिणार नाही म्हणणाऱ्या माणसाने ती मान खाली घालून खाल्ली, आणि डब्याच्या तळाचा रस्सा भाकरीने पुसून घेतला.

तुझीच, संशयखोर,
आई