किल्ली माझ्या खिशात आहे

बाबा,

दुकानाची किल्ली शोधत बसू नका, ती माझ्याकडे आहे. आज दुकान मी उघडणार.

काल अंग तव्यासारखं तापलं होतं, तरी तुमचं पालुपद एकच, "नुसता घसा धरलाय." अहो, आपला धंदा गिऱ्हाइकाच्या तोंडाजवळ तोंड नेऊन करायचा. सकाळी पहिले येतात ते दमेकरी मास्तर. त्यांची दाढी करताना तुम्ही खोकलात तर? फ्लूची लस घ्या म्हणून मी कानीकपाळी ओरडले, तेव्हा मला "डॉक्टरीणबाई" म्हणून हसलात. मी घेतलीय. मास्क लावीन, खिडक्या सताड उघड्या ठेवीन आणि दर गिऱ्हाइकानंतर साबणाने हात धुईन.

आता चिडाल. खुशाल चिडा, पण अंथरुणात पडून. दादाला हाताला धरून शिकवलंत, तो ऑफिसात पळाला. मला मात्र म्हणालात, "मुलीच्या वस्तऱ्याखाली गळा कोण देईल?" मी दुकानातला केर काढता काढता तुमचे हात बघत होते. परवा आईचे केस बघून "कुठे कापलेस? हात चांगला आहे," असं म्हणालात ना? तो हात माझा होता. आई हसू दाबत आत पळाली, ती उगाच नाही.

थर्मासमध्ये गरम पाणी आहे. खोकताना तोंडावर रुमाल धरा आणि आईपासून लांब झोपा.

ताप पुरता उतरला की दुकानात या. तुमचेही केस कानांवर आलेत. मुकाट खुर्चीत बसायचं, मान खाली घालायची आणि अजिबात हलायचं नाही.