पाण्याचं वजन

दि. ९ मार्च

प्रिय दादास,

धाकटीचा नमस्कार. इकडे सगळं ठीक. खोलीतला पंखा अजून कुरकुरतो, ऑफिसातला चहा अजून पांचट. वहिनीचा गुडघा कसा आहे? व्यायाम करते म्हणाली, म्हणजे करत नसणार.

परवा फोनवर तू म्हणालास, "आकाशातून विहिरी बघायचा पगार देतात होय तुला?" विहिरी दिसत नाहीत रे! एकामागून एक फिरणारे दोन उपग्रह आहेत. खाली पाणी जास्त असलं की जमिनीची ओढ किंचित वाढते आणि त्या दोघांतलं अंतर केसाच्या जाडीपेक्षाही कमी बदलतं. त्यावरून आम्ही पाण्याचं वजन काढतो. धरणांतलं आणि मातीतलं वजा केलं की उरतं ते खोल जमिनीतलं.

आपल्या भागाचं मीच काढलं. गेल्या वर्षी पाऊस बरा झाला, धरण भरलं, तू फोटोही पाठवलास. खालचं वजन मात्र वाढलं नाही. दुष्काळात उपसलेलं परत आलंच नाही. मी पुन्हा पुन्हा आकडेमोड केली. खरं सांगू? चूक निघावी म्हणूनच केली.

आता मूळ मुद्दा. चिंगी नोकरी सोडून तुझ्या बोअरच्या गाडीवर यायचं म्हणते. "आत्या हो म्हणाली तर ये," असं सांगून तू मोकळा झालास आणि मी महिनाभर "विचार करते" म्हणत टोलवत राहिले. पोरगी बापावर गेलीय, धंदा झकास करेल. तरी माझं उत्तर नाही असंच आहे.

आणखी एक. आपल्या भागात नव्या बोअर थांबवाव्यात, असा अहवाल सोमवारी वर जातोय. त्याच्याखाली सही माझी आहे. उपग्रहाला तू एकट्याने मारलेल्या बोअर दिसत नाहीत, अख्खा पट्टा दिसतो. म्हणजे तुझ्याकडे कुणी बोट दाखवणार नाही. याच आडोशाला मी लपणार होते. पण तुला हे पेपरातून कळलं असतं तर मला तोंड दाखवायला जागा उरली नसती.

"पाणी खोल गेलंय, संपलेलं नाही," असं तू गिऱ्हाइकांना सांगतोस. मलाही सांगशील. चिंगीच्या हातात गाडीची किल्ली देतानाही तुला ते खरं वाटत असेल, तर हे पत्र फाडून टाक.

भांड, अबोला धर, मला चालेल. नाही, चालणार नाही, पण सोसेन.

तुझ्याच बोअरच्या कमाईवर शिकलेली,
धाकटी